भाऊसाहेब आणि पावणेसात लाख कोटी

भाऊसाहेबांच्या हातून पैसा सुटत नाही असं म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. सुटतो, पण जाताना व्हाउचरवर सही करून जातो. विश्रांतवाडीतल्या आमच्या छप्पन्न फ्लॅटच्या सोसायटीचे ते खजिनदार. त्यांना निवडून कधी दिलं हे कुणाला आठवत नाही आणि काढायचं कसं हे कुणाला ठाऊक नाही. सहकारी बँकेत सगळी नोकरी कॅश काउंटरवर गेली, त्यामुळे उजव्या अंगठ्याला मोजायची सवय अजून आहे. बोलता बोलता अंगठा तर्जनीवर फिरत राहतो आणि समोरच्याला उगाचच वाटतं की आपल्याकडून काहीतरी येणं आहे. जिन्यातला बल्ब गेला तर आधी जुना बल्ब जमा करायचा. तो ते कानाशी धरून हलवतात, तार तुटल्याची खात्री करतात आणि मगच नवा देतात. एलईडी आल्यापासून हलवून काहीच कळत नाही, याचं त्यांना मनापासून दुःख आहे.

फिनेलचं प्रकरण तर आमच्याकडे अजून सांगितलं जातं. साफसफाईच्या कंत्राटदारानं महिन्याच्या बिलात पाच लिटर फिनेल लावलं होतं. भाऊसाहेबांनी त्याला पार्किंगमध्ये खुर्ची देऊन बसवलं. स्वतः उभे राहिले. खिशातून फिनेलच्या बाटलीचं टोपण काढलं, औषधाच्या मापानं त्यात पाणी ओतून दाखवलं. पंचवीस मिली. एका मजल्याच्या बादलीला एक टोपण. सात मजले, दोन विंग, आठवड्यातून तीनदा, चार आठवडे. ‘‘चार लिटर दोनशे. वरचे आठशे मिली कुठल्या मजल्यावर सांडले?’’ कंत्राटदार म्हणाला, साहेब, लिफ्टमध्ये जरा जास्त लागतं. ‘‘लिफ्ट लोखंडाची आहे, ती फिनेल पिते काय?’’ अर्धा तास हे चाललं. बिल शेवटी चार लिटर दोनशेचंच झालं, आणि त्या महिन्यापासून आमच्या जिन्याला फिनेलचा नाही, काटकसरीचा वास येतो.

तर असे हे भाऊसाहेब. आता त्यांचा दुसरा अवतार बघायचा असेल तर 1 फेब्रुवारीला सकाळी त्यांच्या घरी जायचं.

त्या दिवशी ते आंघोळ करून, वही घेऊन टीव्हीपुढे बसतात. अर्थमंत्री बोलू लागल्या की यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. अमक्या योजनेला एवढे? कुणाच्या घशात जाणार आहेत? रेल्वेला तेवढे? मग गाड्या लेट का? प्राप्तिकराच्या टप्प्यांवर तर ते अर्थमंत्र्यांना व्हाउचर दाखवायला लावतील अशा आवेशात असतात. मग संरक्षणाचा आकडा येतो. 2025-26 ला आला तो 6 लाख 81 हजार कोटींचा. भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि एकच शब्द बोलले, ‘‘कमी आहे.’’

मी विचारलं, कशाला कमी आहे? यातले 1 लाख 60 हजार कोटी तर नुसते पेन्शनचे आहेत. नव्या खरेदीचा भांडवली खर्च 1 लाख 80 हजार कोटी. बाकी पगार, रेशन, इंधन, दुरुस्ती, चुना-गेरू. यातलं नेमकं काय कमी आहे?

भाऊसाहेब माझ्याकडे असे बघू लागले की जणू मी देव्हाऱ्यातल्या मूर्तीचं वजन विचारलं. ‘‘अहो, सीमेवर जवान उभा आहे. तिथं हिशोब नसतो विचारायचा.’’

आणि अंगठा थांबला. भाऊसाहेबांचा अंगठा थांबलेला मी फक्त या एका विषयावर पाहिला आहे.

हा माणूस ढोंगी नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचं लष्करावर खरं प्रेम आहे. कॉलेजातलं एनसीसीचं ‘बी’ सर्टिफिकेट त्यांनी लॅमिनेट करून लग्नाच्या फोटोच्या वर लावलं आहे. गाडीच्या मागच्या काचेवर तोफेचं स्टिकर आहे. संध्याकाळी फिरायला निघताना डोक्यावर जुन्या बाजारातली ठिपक्याठिपक्यांची टोपी असते आणि वाटेत दिसणाऱ्या गणवेशधारी मुलांना ते नातवंडं असल्यासारखे हात करतात. पुतण्यानं खडकवासल्याच्या एनडीएची परीक्षा द्यायचं काढलं तेव्हा मात्र ‘आधी इंजिनिअरिंग कर, मग बघू’ म्हणाले. तो आता बंगळुरूला आहे. दरवर्षी 15 ऑगस्टला काकांना तिरंगा पाठवतो, मोबाइलवर.

अशा माणसाच्या नशिबी समोरच्या विंगेत ऑडिटकाका यावेत हा नियतीचा विनोद. काका संरक्षण लेखा विभागातून निवृत्त झाले. हे खातं स्वतःचा जन्म 1747 सालचा सांगतं, म्हणजे प्लासीच्या लढाईच्या आधीपासून कुणीतरी ब्रिटिशांच्या फौजेचे पैसे मोजत बसलेलं होतं. गोळीबार मैदानाजवळच्या कचेरीत, जिथून देशभरातल्या लष्करी अधिकाऱ्यांचे पगार निघतात, तिथे काकांची काही वर्षं गेली. उरलेली लोकल ऑडिटमध्ये: आज हा डेपो, उद्या ते वर्कशॉप, परवा लष्करी अभियांत्रिकी सेवेची (एमईएस) बांधकामं. काका आवाज चढवत नाहीत. त्यांचं हत्यार ‘हाफ मार्जिन’. कागद उभा दुमडायचा, डाव्या अर्ध्यात आपली शंका लिहायची, उजवा अर्धा युनिटच्या उत्तरासाठी कोरा ठेवायचा. काकांनी नोकरीत किती डावे अर्धे भरले याला गणती नाही. उजव्या अर्ध्यात, ते सांगतात, बहुधा एकच ओळ येते: नोंद घेतली, पुढे काळजी घेऊ.

पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर रोज संध्याकाळी या दोघांची गाठ. मी मधे बसतो, कारण बाकाला मधली जागा असते.

पहिली ठिणगी बुटावरून पडली. भाऊसाहेबांनी जुन्या बाजारातून लष्करी बूट आणले होते. काळेभोर, जाड तळाचे. ‘‘तीनशेला! दर्जा बघा, दर्जा!’’ काकांनी बूट हातात घेतला. उलटा केला. तळाच्या खाचांमधून नख फिरवलं, धूळ नाही. आत बोट घातलं. मग नाडीच्या भोकांची पितळी कडी निरखली, तिच्यावर घासल्याची एक रेघ नव्हती. काकांनी बूट परत जोडीशेजारी ठेवला, अगदी हलके, तान्हं मूल ठेवावं तसा.

‘‘भाऊसाहेब, हा पायात गेलेलाच नाही.’’

‘‘तेच तर म्हणतोय!’’

‘‘मग हा निकामी ठरवून लिलावात गेला कसा?’’

भाऊसाहेबांना प्रश्नच कळला नाही. तीनशे रुपयांत नवा बूट मिळाला यापुढे त्यांची विचारशक्ती जात नव्हती. काका बराच वेळ बुटाकडे बघत राहिले. कुठल्यातरी बोर्डानं त्यावर सही केली असणार, ते सह्या मनात मोजत असावेत. तसा बूट कुठून, कोणत्या वाटेनं आला हे आम्हाला काय कळणार? पण काकांचा प्रश्न बाजारातल्या विक्रेत्याला नव्हताच.

पुढच्या संध्याकाळी काकांनी 1948 पासून सुरुवात केली. काश्मीरमध्ये लढाई चालू, सैन्याला जीप हव्या. लंडनमधले आपले हायकमिशनर कृष्ण मेनन यांनी जुन्या, दुरुस्त केलेल्या दोन हजार जीपचा करार केला. आल्या 155, आणि त्याही चालवण्याजोग्या नव्हत्या. चौकशी समितीनं ताशेरे मारले. 1955 मध्ये सरकारनं प्रकरण मिटल्याचं सांगितलं, 1956 मध्ये मेनन केंद्रात मंत्री झाले आणि 1957 मध्ये संरक्षणमंत्री.

‘‘हे काँग्रेसवाले!’’ भाऊसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. बोफोर्स निघेपर्यंत तो उजळच राहिला. 1986 चा करार, 410 तोफा, 1,437 कोटी. 64 कोटींच्या लाचेचा आरोप. काका म्हणाले, ‘‘आणि त्या 64 कोटींचा शोध घेण्यावर सीबीआयनं अडीचशे कोटी खर्च केले. हे माझं नाही, 2011 मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं प्रकरण बंद करताना नोंदवलंय.’’ इथे भाऊसाहेब गडबडले. चोरापेक्षा चोर शोधणारा महाग, हे गणित कॅश काउंटरवरच्या माणसाला झोंबतं. पण लगेच सावरले. ‘‘तोफ मात्र कारगिलमध्ये चालली!’’

‘‘चाललीच,’’ काका म्हणाले. ‘‘उत्तम चालली. तोफेबद्दल माझं ऑब्जेक्शन कधीच नव्हतं.’’

कारगिलचं नाव निघालं आणि संभाषण भाऊसाहेबांच्या अंगणातून बाहेर गेलं. डिसेंबर 2001 मध्ये कॅगचा अहवाल आला. ऑपरेशन विजयच्या नावाखाली केलेली 2,163 कोटींची तातडीची खरेदी. नियम शिथिल केले, कारण युद्ध होतं. आणि जवळजवळ सगळा माल आला तो लढाई थांबल्यानंतर.

‘‘पुढच्या लढाईला होईल की,’’ भाऊसाहेब म्हणाले.

मग काकांनी शवपेट्यांचं सांगितलं. ॲल्युमिनियमच्या पाचशे पेट्या अमेरिकेतून मागवल्या, एकेक अडीच हजार डॉलरला. पहिल्या खेपेला दीडशे आल्या. वजन केलं तर ठरल्याच्या जवळजवळ तिप्पट.

भाऊसाहेब गप्प झाले. त्या उन्हाळ्यात टीव्हीवर रोज तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या यायच्या तेव्हा ते जेवणाच्या ताटावरून उठून उभे राहायचे, हे त्यांच्या सौभाग्यवतींनी मला सांगितलं होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, ‘‘कुणाला शिक्षा झाली?’’

‘‘कुणालाच नाही. 2013 मध्ये न्यायालयानं आरोपींना दोषमुक्त केलं.’’

‘‘मग सुटले ना!’’ त्यांना एवढं हायसं वाटलं की आवाज मोठा झाला. ‘‘म्हणजे काही झालंच नव्हतं!’’

‘‘माणसं सुटली, भाऊसाहेब. त्यांच्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही, तेव्हा ती सुटायलाच हवीत. पण वजनाचं काय? वजन कुणी केलं होतं?’’

मला विचाराल तर सगळ्या विषयाची मेख इथेच आहे. आपल्याकडे घोटाळा म्हटला की लाच हवी, सुटकेस हवी, एखादा दलाल हवा. नुसती उधळपट्टी, नुसता उशीर, नुसता निष्काळजीपणा यांना आरोपपत्रात रकानाच नसतो. मग आरोपी सुटला की खर्चही धुतल्या तांदळासारखा होतो.

दोषी सापडत कसा नाही हे काकांनी एकदा समजावून सांगितलं, आणि ते ऐकताना मला त्या यंत्रणेबद्दल आदरच वाटू लागला. समजा, एका युनिटनं मार्चअखेर पैसे परत जाऊ नयेत म्हणून गरज नसलेलं काही घेतलं. ऑडिटवाला पुढच्या वर्षी येतो, त्याला पेट्या न फोडलेल्या दिसतात. हाफ मार्जिन. युनिट म्हणतं, वरून मंजुरी होती. वरचे म्हणतात, खालून मागणी होती. तोवर मागणी करणाऱ्या साहेबांची बदली, कारण दोन-तीन वर्षांपलीकडे कुणी एका जागी राहत नाही. नवे साहेब म्हणतात, माझ्या आधीचं आहे, कागद बघून सांगतो. कागद बघेपर्यंत त्यांचीही बदली. आक्षेप मोठा असेल तर कॅगच्या अहवालाचा मसुदा बनतो, मंत्रालयाकडे उत्तरासाठी जातो, अहवाल संसदेपुढे येतो, लोकलेखा समिती त्यातले मोजके परिच्छेद निवडते, साक्ष घेते, शिफारस करते आणि मंत्रालय ‘केलेली कार्यवाही’ कळवतं. इतक्यात ज्यांनी पेटी मागवली ते सन्मानानं निवृत्त, ज्यांनी मंजूर केली ते निवृत्त, आणि ज्यानं आक्षेप घेतला तो विश्रांतवाडीत पाण्याच्या टाकीजवळ बसलेला. पेटी तेवढी सेवेत.

‘‘यात कुणी चोर नाही,’’ काका म्हणाले. ‘‘चोर असता तर बरं झालं असतं. पकडता आला असता.’’

गोल्फच्या दिवशी मात्र काका खुशीत होते. कॅगच्या 2010-11 च्या अहवालातली ही गंमत: लष्कराच्या जमिनीवर गोल्फची 97 मैदानं, आठ हजारांवर एकर जागा. आणि त्यांचं कागदोपत्री नाव? ‘सैन्य पर्यावरण उद्यान आणि प्रशिक्षण क्षेत्र’. भाऊसाहेब क्षणभरही न थांबता म्हणाले, ‘‘बरोबर आहे. पर्यावरण जपायला नको?’’ आमच्या सोसायटीच्या बागेत त्यांनी हिरवळीला पाणी बंद केलेलं आहे, कारण टँकर परवडत नाही.

संशोधनाच्या बाबतीत मी भाऊसाहेबांच्या बाजूचा. अर्जुन रणगाडा 1974 मध्ये साडेपंधरा कोटींत मंजूर झाला आणि पहिली 124 रणगाड्यांची मागणी नोंदवायला 2000 साल उजाडलं. कावेरी इंजिनाला 1989 मध्ये 382 कोटी दिले, खर्च काही पटींनी वाढला आणि 2008 मध्ये ते तेजस विमानापासून वेगळं काढावं लागलं. काका हे आकडे मणी ओढल्यासारखे म्हणतात. पण इंजिन बनवणं म्हणजे जिना झाडणं नव्हे. विमानाचं इंजिन स्वतः बनवणारे देश बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यांनीही पैसे जाळूनच ते शिकलंय. माझी तक्रार एवढीच की तारीख चुकली, पुन्हा चुकली, दशक उलटलं, तरी ‘आता थांबा’ किंवा ‘आता दुप्पट देतो, पण करून दाखवा’ यातलं काहीच कुणी वेळेवर बोललं नाही. काकांना हे पटलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘‘मग लिहून द्या.’’

अमेरिकेनं भाऊसाहेबांना नवा जोम दिला. काकांनी वर्तमानपत्रातलं कात्रण आणलं होतं: सी-17 या मालवाहू विमानाच्या स्वच्छतागृहातली साबणाची बाटली अमेरिकी हवाई दलानं बाजारभावाच्या जवळजवळ ऐंशीपट किमतीला घेतली, असं त्यांच्याच तपासनिसांनी 2024 मध्ये सांगितलं. पेंटागॉनचं संपूर्ण ऑडिट 2018 पासून दरवर्षी होतं आणि एकदाही पास झालेलं नाही.

‘‘अमेरिकासुद्धा?’’ भाऊसाहेबांचे डोळे चमकले.

‘‘अमेरिकासुद्धा.’’

‘‘आणि ती विमानं आपल्याकडे आहेत?’’

‘‘अकरा.’’

‘‘बघा!’’ भाऊसाहेब माझ्याकडे वळले. ‘‘म्हणजे आपण कुठे कमी नाही.’’ काकांनी कात्रणाची घडी केली. आपण साबणाला काय मोजलं हे त्या कात्रणात नव्हतं, आणि जे कागदावर नाही त्यावर काका बोलत नाहीत. अमेरिकेत निदान तपासनिसानं साबणाची बाटली हातात धरून तिची किंमत जगाला सांगितली, हे मी म्हणून पाहिलं. भाऊसाहेबांनी ऐकलं नाही.

सियाचीनचा दिवस मात्र वेगळा. फेब्रुवारी 2020 मध्ये संसदेत आलेल्या कॅगच्या अहवालात लिहिलं होतं की उंचावरच्या जवानांसाठी बर्फाच्या गॉगल्सचा तुटवडा 62 ते 98 टक्के होता; काही काळ जुने बूट दुरुस्त करून पुन्हा वापरावे लागले. काकांनी हेही सांगितलं की हा काळ आधीच्या काही वर्षांचा, आणि आता परिस्थिती सुधारल्याचं लष्करप्रमुखांनी नंतर म्हटलं. पण भाऊसाहेबांचं लक्ष पुढच्या वाक्याकडे नव्हतंच. ते उठून उभे राहिले. डोळ्यांत खरंच पाणी होतं.

‘‘आपण वर्गणी काढू,’’ ते म्हणाले.

आणि काढली. दोन्ही विंगा, सातही मजले, पावतीपुस्तक घेऊन हा माणूस लिफ्ट न वापरता फिरला. कुणाकडून शंभर, कुणाकडून एकशे एक. पै अन् पैची पावती. सैनिक कल्याण निधीत भरलेल्या पैशाची रसीद नोटीस बोर्डावर लावली. पावणेसात लाख कोटींत गॉगल का बसला नाही, हे विचारायला एका पोस्टकार्डाचा खर्च आला असता. तो भाऊसाहेबांना परवडला नाही. आपल्यातल्या बहुतेकांचं देशप्रेम असंच पावतीपुस्तकासारखं असतं: द्यायला तयार, विचारायला नाही.

काकांनी वर्गणीचे पाचशे एक दिले. तेच सगळ्यांत जास्त.

शेवटचा वाद राफेलवर झाला. फेब्रुवारी 2019 मधला कॅगचा अहवाल. किमतीचे आकडे गाळलेले, कारण संरक्षण मंत्रालयानं सुरक्षेचं आणि फ्रान्सबरोबरच्या गुप्ततेच्या कराराचं कारण दिलं होतं. मात्र निष्कर्ष छापलेला: जुन्या प्रस्तावापेक्षा नवा करार 2.86 टक्के स्वस्त. काकांनी आयुष्यात असा हिशोब पाहिला नव्हता. ‘‘शंभरातले किती हे सांगायचं, पण शंभर कशाचे हे नाही!’’ विमानं चांगली आहेत, करारात लाच आहे असंही काका म्हणत नव्हते. सर्वोच्च न्यायालयानं चौकशीची मागणी फेटाळली होती, तेही त्यांनी सांगितलं. त्यांची बोच शुद्ध व्यावसायिक होती. भाऊसाहेब मात्र टाळी द्यायला पुढे झाले. ‘‘वा! याला म्हणतात हिशोब. शत्रूलाही कळत नाही आणि आपल्यालाही समाधान.’’ आणि त्यांनी खिशातून वही काढून काहीतरी टिपून घेतलं. आमचं दोघांचंही दुर्लक्ष झालं.

त्या टिपणाचा उलगडा वार्षिक सभेत झाला.

सभा पार्किंगमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या, माइक बंद, मागे पातेल्यात बटाटेवडे झाकलेले. विषय क्रमांक सात: सीसीटीव्ही कॅमेरे. पार्श्वभूमी अशी की ए विंगमधून एका मुलाची सायकल गेली होती. ती दुसऱ्या दिवशी त्याच्या क्लासबाहेर सापडली, तो तिथेच विसरला होता. पण तोवर भाऊसाहेबांना समजलं होतं की शेजारच्या सोसायटीनं बारा कॅमेरे लावले. म्हणून आपण सोळा. खरेदी मार्चमध्येच उरकली होती, सभेला फक्त मंजुरी द्यायची होती.

कुणीतरी विचारलं, केवढ्याला पडले?

भाऊसाहेबांनी सभेवरून नजर फिरवली. ‘‘ते उघड सभेत सांगणं सोसायटीच्या सुरक्षेच्या हिताचं नाही.’’ सभा चपापली. फिनेलच्या टोपणाचा हिशोब देणारा माणूस! ‘‘किमतीवरून कॅमेऱ्याची ताकद कळते. शेजारच्या सोसायटीचे दोन नातेवाईक आपल्याकडे भाड्यानं राहतात, मी नावं घेत नाही. पण एवढं सांगतो, बाजारभावापेक्षा पावणेतीन टक्के स्वस्त.’’

‘‘कुठल्या बाजाराच्या?’’ मागच्या रांगेतून काका.

‘‘काका, तुम्हाला सोसायटीची सुरक्षा नकोय का?’’

यावर काय बोलणार? काकांशेजारच्या बाईंनी खुर्ची जराशी पुढे ओढली. नेमकं याच वेळी पातेल्यावरचं झाकण निघालं. मार्च 2018 मध्ये लोकसभेनं झाडून सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना अर्ध्या तासाच्या आत मंजूर केल्या होत्या; आमच्या सभेला त्याहून कमी वेळ लागला. ‘मंजूर, मंजूर’, आणि लोक उठले.

काकांनी दुसऱ्या दिवशी कागद उभा दुमडला. डावीकडे लिहिलं: सोळापैकी नऊच कॅमेरे जोडलेले दिसतात, वायरिंग अंदाजपत्रकात होतं काय? फाटकावरचा कॅमेरा खजिनदारांच्या गाडीकडे रोखलेला आहे, कारण काय? आठवडाभरानं कागद परत आला. उजवीकडे भाऊसाहेबांच्या वळणदार अक्षरात: नोंद घेतली. काकांनी तो कागद मला दाखवला. नोकरी सोडल्यानंतर प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू होतं.

परवा रात्री मी फाटकाशी उभा होतो. वॉचमन भाऊसाहेबांना गाठून सांगत होता की टॉर्चचे सेल संपलेत, मागच्या भिंतीकडे काही दिसत नाही.

‘‘सेल?’’ भाऊसाहेबांचा अंगठा तर्जनीवर सुरू झाला. ‘‘सुरक्षेचं बजेट संपलं रे. पुढच्या वर्षी घालू. तोवर मोबाइलची बॅटरी वापर.’’

‘‘मोबाइल माझा हाय साहेब. रिचार्ज पन मीच मारतो.’’

‘‘मग?’’ भाऊसाहेब दुखावल्या आवाजात म्हणाले. ‘‘सोसायटीसाठी एवढंही नाही करणार?’’